बदक किती वर्षे अंडी देते, आणि 'इंडियन रनर' खरोखर भारतीय आहे का?

आपल्याकडील खाकी कॅम्पबेल जातीच्या चार माद्या साडेतीन वर्षांच्या झाल्या असून या थंडीत त्यांनी अंडी देणे जवळजवळ थांबवले आहे, तेव्हा त्यांचा काळ संपला असे समजावे का, असे आपण विचारले आहे. शिवाय या जातीत 'इंडियन रनर'चे, म्हणजे भारतीय बदकाचे रक्त आहे, हे विक्रेत्याचे म्हणणे खरे का, हा आपला दुसरा प्रश्न. मी कुडाळजवळ गेली अकरा वर्षे घरच्यापुरती बदके पाळत आलो आहे. माझ्या मते पहिल्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे दुसऱ्यातच दडलेले आहे.

काळ संपलेला नाही, भर ओसरला आहे. खाकी कॅम्पबेल साधारण पाचव्या-सहाव्या महिन्यात अंड्यावर येते आणि चांगल्या वाणाची मादी, खाणे व उजेड नीट मिळाल्यास, पहिल्या वर्षी 300 च्या आसपास अंडी देते. दुसरे वर्षही चांगले जाते; तिसऱ्यापासून उतार स्पष्ट दिसू लागतो. व्यावसायिक पालक दोन वर्षांनंतर कळप बदलतात ते खाद्याचा खर्च आणि अंड्यांची संख्या यांचे गणित जुळेनासे होते म्हणून, अंडी संपतात म्हणून नव्हे. मादीच्या शरीरात बहुधा डाव्या बाजूचे एकच अंडाशय काम करते, परंतु त्यात बीजे हजारोंनी असतात आणि आयुष्यभरात त्यांतील थोडीच पिकतात. त्यामुळे कणगीतले धान्य संपावे तशी अंडी संपत नाहीत. पिकण्याचा वेग तेवढा मंदावतो. घरगुती बदक आठ-दहा वर्षे सहज जगते आणि पाच-सहा वर्षांचे होईपर्यंत कमी-अधिक अंडी देत राहते.

हा वेग मंदावतो तेव्हा नेमके काय होते, हे समजण्यासाठी पूर्वजाकडे वळावे लागते. खाकी कॅम्पबेलचा मूळ पुरुष म्हणजे मॅलार्ड, उत्तर गोलार्धातील हिरव्या डोक्याचे रानबदक. त्याची मादी वसंतात दिवस मोठे होऊ लागले की आठ ते तेरा अंडी घालते, अंड्यांवर सुमारे 28 दिवस बसते आणि तेथे तिचा हंगाम संपतो. माणसाने अंडी उचलत राहून आणि जास्त अंडी देणाऱ्या माद्यांचीच पिल्ले राखून हा हंगाम ताणत वर्षभर नेला. त्या भरात खुडूक बसण्याची सवय इतकी मोडली की, खाकीची अंडी आम्हाला आजही गावठी कोंबडीखाली रवणीला ठेवावी लागतात. दिवसाच्या लांबीकडे पाहणारे घड्याळ मात्र आतमध्ये शाबूत राहिले. तरुणपणी ते दबलेले असते आणि वय वाढले की पुन्हा बोलू लागते. माझ्याकडील सात वर्षांची मादी आता महाशिवरात्रीच्या सुमारास अंड्यावर येते, पावसाच्या तोंडाशी थांबते आणि मग अंगणभर पिसे टाकत हिंडते. तिला पाहताना पाळीव बदकातून रानबदक डोके वर काढत आहे, असे मला दर वर्षी वाटते.

आता विक्रेत्याचे म्हणणे. खाकी कॅम्पबेल ही जात इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर परगण्यातील युली या गावी अ‍ॅडेल कॅम्पबेल या बाईंनी 1898 च्या सुमारास तयार केली. त्यांनी रनर मादीचा संकर फ्रान्समधील रुआँ जातीच्या नराशी केला आणि पुढे मॅलार्डचे रक्तही त्यात मिसळले. म्हणजे रनरचे रक्त आहे, पण रनर भारतीय नाही. ती जावा, बाली, लोंबोक या बेटांवरची, भातशेतीतून मैलोन्‌मैल हाकत नेली जाणारी बदके. युरोपीय लोक त्या बेटांना 'ईस्ट इंडीज' म्हणत, त्यातून हे नाव चिकटले. 1856 साली लोंबोकला गेलेले ब्रिटिश निसर्गअभ्यासक आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी ही बदके पेंग्विनसारखी ताठ चालतात आणि तांदळाच्या जहाजांवरील खलाशी त्यांना 'बालीचे शिपाई' म्हणतात, असे नोंदवले आहे. गंमत अशी की, या दोन जातींच्या नावांतला आपल्याकडचा शब्द 'इंडियन' नसून 'खाकी' आहे. तो ब्रिटिश फौजेच्या गणवेशाबरोबर येथूनच तिकडे गेला.

रनर, रुआँ, पांढरे पेकिन, एल्सबरी या सगळ्या जाती दिसायला कितीही वेगळ्या असल्या तरी मॅलार्डच्याच वंशातल्या आहेत. चार्ल्स डार्विन यांनी 1868 साली यासाठी दिलेला एक पुरावा आपल्याला घरच्या नरावरच तपासता येईल: शेपटीच्या मधल्या पिसांचा वर वळलेला आकडा. तो मॅलार्ड नरात असतो आणि त्याच्यापासून निघालेल्या पाळीव जातींच्या नरांतही दिसतो. अपवाद आहे तो तोंडावर लाल गाठी असलेल्या मस्कोव्ही बदकाचा. ते दक्षिण व मध्य अमेरिकेतले, निराळ्याच वंशातले. नराला आकडा नसतो, अंडी 35 दिवसांनी फुटतात आणि खाकीशी संकर झाल्यास होणारी संतती वांझ निघते. आपल्या तळ्यांवर बारमाही दिसणारे हळदी-कुंकू बदक मॅलार्डचे जवळचे नातलग खरे, पण पाळीव बदकांचे पूर्वज ते नव्हे.

तेव्हा आपल्या चार माद्या इतक्यात काढू नयेत. डिसेंबरात आपल्याकडे दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो. पहाटे व संध्याकाळी दिवा लावून उजेड चौदा तासांपर्यंत न्यावा. मात्र पिसे झडत असतील तर ती नवी येईपर्यंत थांबावे. बुरशी लागलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड चुकूनही घालू नये, कारण त्यातील विष बदकांना कोंबड्यांपेक्षा फार लवकर बाधते. बदके बहुतेक अंडी पहाटे घालतात, म्हणून त्यांना नऊ वाजेपर्यंत खुराड्यातच ठेवावे, नाहीतर अंडी झुडपात किंवा पाण्यात जातात आणि आपण मात्र ती थांबली असे समजतो. चौघींपैकी कोण अंड्यावर आहे, हे हातानेही कळते: मादीला काखेत धरून शेपटीखालची दोन बारीक हाडे चाचपावीत. त्यांच्यामध्ये तीन बोटे सहज मावली तर ती चालू आहे; जेमतेम एकच मावले तर सध्या बंद आहे, आणि तीच मादी मार्चमध्ये पुन्हा तपासावी.