रामेश्वरहून आणलेला दगड आणि वनखात्याची नोटीस

सांगलीच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या आणि त्यांचे यजमान स्वतःच्या गाडीने रामेश्वरला गेले होते. वाटेत मंडपमला एक रात्र मुक्काम केला. तिथे रस्त्याकडेच्या विक्रेत्याकडून ‘रामसेतूचा तरंगणारा दगड’ म्हणून दोन पांढरे, जाळीदार तुकडे ६०० रुपयांना घेतले, पैसे फोनवरून दिले. परतताना तपासणीत वनखात्याच्या लोकांनी डिकीतला मोठा तुकडा जप्त केला, दोघांचे जबाब घेतले, तमिळमधल्या कागदांवर सह्या घेतल्या आणि जाऊ दिलं. आता यजमानांच्या नावे हजर राहण्याची नोटीस आली आहे. ओळखीचे एक गृहस्थ म्हणतात, २५,००० द्या, मी मिटवतो. धाकटा तुकडा मात्र कपड्यांच्या बॅगेतून घरी आला आणि सासूबाईंनी तो देव्हाऱ्यात ठेवला. ‘तो कृष्णेत सोडून देऊ का?’ असं ताई विचारतात.

ताई, नदीत सोडू नका. गुन्ह्याचा पुरावा नाहीसा करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ खाली वेगळा गुन्हा आहे. आज तुमच्याकडे निदान ‘आम्हाला ठाऊक नव्हतं’ हे खरं बोलणं आहे. तुकडा नदीत गेला की तेही गेलं. फोनमधले फोटो आणि पैसे दिल्याची नोंद यांतलंही काही पुसू नका.

तुम्ही आणलं ते बहुधा प्रवाळ आहे. मंडपमसमोरच्या समुद्रापासून तुतिकोरिनपर्यंत मन्नारच्या आखातात २१ बेटं आणि त्यांच्याभोवतीचा उथळ समुद्र मिळून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, १९८६ पासून. एके काळी चुन्यासाठी आणि बांधकामासाठी तिथलं प्रवाळ इतकं खणून काढलं की त्या २१ पैकी दोन बेटं पाण्याखाली गेली. तिथले वनरक्षक गाड्यांच्या डिक्या उघडतात त्यामागे हे कारण आहे. त्यांच्यावर रागावू नका, एवढी माझी विनंती.

खडक बांधणारी सगळी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे कायद्याच्या लेखी वाघाच्या पंक्तीत. प्रवाळ हा प्राणी आहे आणि त्याचा मेलेला सांगाडाही कलम ३९ प्रमाणे सरकारची मालमत्ता ठरतो. ‘आम्ही तोडलं नाही, विकत घेतलं’ हा बचाव म्हणून चालत नाही, कारण परवाना नसलेल्या माणसाकडून घेणं हेच कलम ४९ खाली गुन्हा आहे. ‘आम्ही उद्यानाच्या हद्दीत गेलोच नाही’ यानेही सुटका होत नाही. अनुसूचीतल्या प्राण्याला संरक्षण देशभर आहे, सांगलीतही.

पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या गुन्ह्याला कलम ५१ प्रमाणे किमान ३ वर्षं, कमाल ७ वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड आहे. किमान कैदेचा हा आकडा तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. तो लिहिणं भाग आहे, कारण त्यावरूनच त्या गृहस्थांचं म्हणणं खोटं ठरतं. कलम ५४ खाली वन अधिकारी रक्कम घेऊन काही गुन्हे मिटवू शकतात, पण ज्या गुन्ह्याला किमान कैद ठरलेली आहे तो मिटवता येत नाही. तुमचं प्रकरण पहिल्या अनुसूचीचं असेल, तर पैसे भरून मिटवायची वाट कायद्यात नाही. त्यांच्या हातात दिलेल्या नोटा ही लाच ठरेल, आणि खटला होता तिथेच राहील. एक रुपयाही देऊ नका.

तुमची खरी बाजू दुसरीकडे आहे. जप्त केलेली वस्तू नेमकी काय, हे शास्त्रीय तपासणीतून सिद्ध झालंय का? सच्छिद्र दिसणारा प्रत्येक दगड प्रवाळ नसतो, ज्वालामुखीतून येणारा प्युमिस नावाचा हलका दगडही तरंगतो. मंडपममध्येच केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचं केंद्र आहे, त्यामुळे तज्ज्ञाचा अभिप्राय मागणं अवघड नाही. पंचनामा आणि जबाबाच्या प्रती लेखी मागा. अहवाल येईपर्यंत ‘ते प्रवाळच होतं’ असं कुठेही लिहून देऊ नका. ते प्रवाळ ठरलं, तर ताबा बेकायदा नव्हता हे दाखवायचा भार कलम ५७ मुळे तुमच्यावर येतो, म्हणून ही पायरी फार मोलाची आहे.

तमिळ कागदांची गोष्ट मला जास्त खटकते. पोलिसांपुढचा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. वन अधिकाऱ्यांपुढच्या जबाबाबाबत मात्र तेवढं निर्धास्त राहता येत नाही. मजकूर आम्हाला वाचता येत नव्हता, कोणी समजावून सांगितला नाही, असं असेल तर ते वकिलांकरवी आत्ताच स्पीड पोस्टने कळवा. दोन वर्षांनी कोर्टात पहिल्यांदा सांगितलं तर कोण ऐकेल?

नोटिशीला गैरहजर राहू नका, पण यजमानांना एकट्याने तिकडे पाठवूही नका. गुन्हा अजामीनपात्र आहे. सांगलीच्या सत्र न्यायालयात मर्यादित मुदतीच्या अटकपूर्व जामिनासाठी अर्ज करता येतो. दुसऱ्या राज्यातल्या प्रकरणात आपल्या भागातलं न्यायालय असं तात्पुरतं संरक्षण देऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मान्य केलं आहे. ते मिळालं की रामनाथपुरमच्या सत्र न्यायालयात, नाहीतर मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठात नियमित अर्ज करायचा. तिथला, तमिळ जाणणारा वकील हवाच. सही तुम्हीही केली आहे, म्हणून अर्जात तुमचंही नाव असू द्या.

देव्हाऱ्यातल्या तुकड्याबद्दल: अशी वस्तू मिळाल्यापासून ४८ तासांत पोलीस किंवा वन अधिकाऱ्याला कळवायचं असतं. ती मुदत गेली, तरी स्वतःहून दिलेला तुकडा आणि झडतीत सापडलेला तुकडा यांत न्यायाधीश फरक करतात. जामिनाचा अर्ज दाखल होताच वकिलांना सोबत घेऊन सांगलीच्या वन कार्यालयात तो जमा करा, पंचनामा आणि पोच घ्या. सोबतच्या पत्राचा मसुदा वकिलांनीच करावा. तोवर तो पाण्याने, दुधाने धुऊ नका, कागदात गुंडाळून ठेवा. सासूबाईंना शांतपणे समजावा, पण या आठवड्यातच.