इंजेक्शनने कॅन्सर होतो की बरा होतो?

या महिन्यात आलेल्या प्रश्नांपैकी निम्मे वजनाच्या इंजेक्शनचे. २०२५ च्या मार्चमध्ये माउंजारो आपल्याकडे आलं, जूनमध्ये वेगोव्ही (दोन्ही पेनने टोचायची, वजन उतरवायची इंजेक्शनं), आणि तेव्हापासून माझ्या ठाण्याच्या ओपीडीत बीपी राहिलं बाजूला, आधी "मॅडम ते पेन घेऊ का" हेच. त्यातले तीन प्रश्न घेते.

प्रश्न : माझ्या ताईचं (वय ५४) मागच्या वर्षी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, केमोपण पूर्ण झाली. शुगर आहे, वजन ९६ किलो. दाजींच्या ग्रुपवर मेसेज आला की हे इंजेक्शन घेणारे आतड्याच्या कॅन्सरचे पेशंट न घेणाऱ्यांच्या निम्म्याहून कमी दगावतात. ताई आता हट्टच धरून बसलीय. काय करू? – एक वाचक, खारघर

दादा, मेसेज खोटा नाहीये, पण अर्धाच आहे. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या हॉस्पिटलांमधल्या ६,८०० हून जास्त आतड्याच्या कॅन्सर पेशंटची रेकॉर्ड्स तपासली, २०२५ मध्ये ते छापून आलं. पाच वर्षांत इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी १५.५ टक्के गेले आणि न घेणाऱ्यांपैकी ३७.१ टक्के. आकडा बघून कोणीही हुरळेल.

पण जरा विचार करा, कॅन्सरच्या पेशंटला हे इंजेक्शन कोण लिहून देतं? जो पेशंट ओकतोय, वजन आपोआप उतरतंय, जेवणावर वासना नाही, त्याला कुठलाच डॉक्टर भूक मारायचं औषध देणार नाही. देणार कोणाला, तर जो सावरलाय, चालतोफिरतोय, पोटभर जेवतोय आणि फॉलोअपला वेळेवर येतोय त्याला. म्हणजे मुळात जे जगणार होते तेच इंजेक्शनच्या रांगेत जास्त उभे राहिले असंही असू शकतं, औषधाने जगवलं की जगणाऱ्यालाच औषध मिळालं हे नुसत्या जुन्या फायली चाळून सांगता येत नाही. अभ्यास करणाऱ्यांनी वय, आजार वगैरे हिशोबात धरलं होतं, पण घेणारे मुळात अगदी थोडे होते, आणि फायदा दिसला तो मुख्यतः ३५ च्या वर बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) असलेल्यांत.

तुलना कोणाशी करता यावरही सगळं फिरतं. २०२४ मध्ये अमेरिकेत १६ लाखांवर डायबेटिसवाल्यांचा असाच अभ्यास झाला. लठ्ठपणाशी जोडलेले १३ कॅन्सर आहेत (आतडं, गर्भाशय, किडनी, लिव्हर वगैरे), ते या इंजेक्शनच्या गटातल्या (जीएलपी-१ नावाच्या) औषधांनी कमी होतात का बघायला. इन्सुलिन घेणाऱ्यांशी तुलना केली तर १३ पैकी १० कॅन्सर कमी दिसले, आणि मेटफॉर्मिन घेणाऱ्यांशी केली तर तो फायदा गायब, उलट किडनीचा जास्तच. मेटफॉर्मिन म्हणजे शुगरची ती साधी स्वस्त गोळी, ताई बहुतेक घेतच असतील!

मग ताईंनी घेऊ नये का? तसं नाही. शुगर आहे, ९६ किलो वजन आहे, केमो संपलीय, एवढं कारण पुरेसं आहे, कॅन्सर टळेल म्हणून नको इतकंच. कॅन्सरच्या डॉक्टरांना आणि शुगरच्या डॉक्टरांना दोघांनाही विचारा, बहुतेक घरात एकाचं दुसऱ्याला माहीतच नसतं. कोलोनोस्कोपीची (आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीची) तारीख असेल तर इंजेक्शन चालू आहे हे आधी सांगा, कारण या औषधाने जठर हळू रिकामं होतं आणि भूल देताना त्याचा त्रास होऊ शकतो. आणि खाणं बघा. मागच्या महिन्यात एक मावशी आल्या, तीन महिन्यांत आठ किलो उतरलेल्या, सगळे कौतुक करतायत आणि त्यांना खुर्चीतून उठताना टेबलाला हात लावावा लागत होता. दिवसभरात दोन बिस्किटं आणि चहा, भूकच नाही म्हणे. चरबीबरोबर मांसही गेलं. ताईंना उसळ, अंडं, दही, पनीर, जे चालतं ते, थोडं थोडं पण रोज.

प्रश्न : मुलगी २७ वर्षांची, उंची १६० सेमी, वजन ६८. डिसेंबरमध्ये लग्न. जिमचा ट्रेनर म्हणतो पेन आणून देतो. पण याने थायरॉइडचा कॅन्सर होतो असं वाचलं आणि माझ्या सासूबाईंच्या थायरॉइडची गाठ काढलेली. – एक आई, घोडबंदर रोड

ताई, ती भीती उंदरांपासून सुरू झाली. उंदीर-घुशींना ही औषधं दिल्यावर थायरॉइडच्या सी-सेल नावाच्या पेशींच्या गाठी आल्या, म्हणून अमेरिकेत औषधाच्या माहितीपत्रकात ठळक इशारा असतो. माणसाच्या थायरॉइडमध्ये या पेशी फार थोड्या. डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडनमधल्या हे औषध घेणाऱ्या सुमारे १ लाख ४५ हजार लोकांत थायरॉइडचा कॅन्सर लक्षणीय वाढलेला दिसला नाही, मात्र त्यांच्यावर लक्ष ठेवलं ते सरासरी चारेक वर्षंच. युरोपच्या औषध नियामकांनीही २०२३ मध्ये संबंध सिद्ध होत नाही असंच सांगितलं.

पण सासूबाईंची गाठ कसली होती? साधी असेल किंवा पॅपिलरी (थायरॉइड कॅन्सरचा नेहमीचा प्रकार) असेल तर वेगळं, मेड्युलरी (त्याच सी-सेलचा कॅन्सर) असेल तर हे औषध तुमच्या मुलीने घ्यायचंच नाही, तो प्रकार घराण्यात चालत येऊ शकतो. बायोप्सीचा कागद शोधा. आपल्याकडे असे कागद कपाटात साड्यांच्या खाली कुठल्यातरी ज्वेलर्सच्या पिशवीत सापडतात.

खरं तर तिथवर जायचीही गरज नाही. तिचा बीएमआय २६.५ च्या आसपास येतो, आणि हे औषध ३० च्या वर, किंवा २७ च्या वर आणि सोबत बीपी-शुगरसारखं काही असेल तर. लग्नाच्या फोटोंसाठी नाही. सेमाग्लुटाइड (वेगोव्हीतलं औषध) बंद केल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आल्याचं ट्रायलमध्ये दिसलंय, आणि मूल हवं असेल तर हे औषध आधी किमान दोन महिने थांबवावं लागतं. ट्रेनरने हे सांगितलं का? आणि त्याचं पेन फ्रीजमध्ये होतं की स्कूटीच्या डिकीत, देव जाणे.

प्रश्न : वय ६१. इंजेक्शनने ११ किलो कमी झाले. पैसे परवडेनात म्हणून तीन महिन्यांपूर्वी बंद केलं, तरी वजन अजून उतरतंच आहे, आणखी ५ किलो. औषध अंगात मुरलं म्हणायचं का? – एक वाचक, ऐरोली

नाही काका, मुरत नाही. आठवड्याचं इंजेक्शन महिना-दीड महिन्यात शरीरातून जातं, भूक परत येते आणि वजन वर जायला लागतं. तुमचं उलट चाललंय, म्हणजे कारण दुसरं काही असू शकतं, कॅन्सरसुद्धा. संडासला रक्त, गिळताना अडकणं, कावीळ, पोटात किंवा पाठीत दुखणं, खोकला, यातलं काही असो वा नसो, घरातल्या कोणाला तरी सोबत घ्या आणि याच आठवड्यात फिजिशियनकडे जा. "इंजेक्शनमुळेच असेल" असं आपणहून सांगू नका, नाहीतर समोरचाही तेच लिहून मोकळा होईल. वजन कोणत्या महिन्यात किती होतं ते कागदावर लिहून न्या.