कडबा कुट्टी, हेल्मेट आणि एक मेकॅनिकलवाला प्राध्यापक

प्रश्न : सर, मी इस्लामपूरजवळच्या एका कॉलेजात मेकॅनिकलच्या थर्ड इयरला आहे. बायोमेकॅनिक्स, म्हणजे माणसाच्या शरीराला मेकॅनिकलचे नियम लावून बघायचा विषय, इलेक्टिव्ह म्हणून घेतलं आणि जाम आवडलं. पण वडील म्हणतात, हाडंच मोजायची होती तर मेडिकलला जायचं होतंस. यात प्राध्यापकी करत आयुष्य काढलेलं आपल्याकडे कोणी आहे का? आणि बारावीला माझं बायो नव्हतं, त्यानं अडेल का?

उत्तर : वडिलांना आयआयटी दिल्लीचे प्राध्यापक दिनेश मोहन यांचं नाव सांग. पवईच्या आयआयटीतून १९६७ साली मेकॅनिकलचे बीटेक झाले, म्हणजे सुरुवात अगदी तुझ्याच ब्रँचमधून. मग अमेरिकेत डेलावेअरला मास्टर्स आणि मिशिगन युनिव्हर्सिटीत बायोइंजिनिअरिंगमधे पीएचडी. तिथे त्यांचा विषय काय होता माहितीये? महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी सगळ्यात मोठी रक्तवाहिनी, ती किती ताणल्यावर फाटते. गाडी जोरात आदळली की बाहेर फारसं काही दिसत नाही पण आत ही धमनी फाटते आणि माणूस जातो, असं डॉक्टर लोक बघत होते, पण किती ताणाला फाटते हे आकड्यात सांगायला फारशी सोय नव्हती. मग यांनी काय केलं, तर शवविच्छेदनातून मिळालेल्या धमनीच्या पट्ट्या कापल्या, मशिनला लावल्या आणि खेचल्या, आधी सावकाश आणि मग अपघातात ताण येतो तशा झटक्यात. तू लॅबमधे माइल्ड स्टीलचा रॉड यूटीएमवर, म्हणजे नमुना खेचून तोडायच्या मशिनवर लावून ग्राफ काढतोस ना, तेच, फक्त नमुना मऊ आणि ओला.

त्यातून दोन गोष्टी ठळक दिसल्या. एक, झटक्यात खेचलं तर ही ऊती सावकाश खेचल्यापेक्षा बराच जास्त ताण घेते, त्यामुळे सावकाश टेस्ट करून काढलेला आकडा अपघाताला लावता येत नाही. दुसरी, लांबीच्या दिशेला ती कमजोर असते, म्हणून फाटते ती आडवी. अपघातातल्या पेशंटमधे सर्जनना साधारण तशीच आडवी फाट सापडते. मला तर यातली ही दुसरी गोष्ट जास्त भारी वाटते, कारण इथे टेस्टिंग मशिन आणि ऑपरेशन टेबल एकच गोष्ट सांगतायत.

आता बायोचं. अडत नाही. फ्री बॉडी डायग्रॅम, स्ट्रेस-स्ट्रेन, व्हिस्कोइलॅस्टिसिटी (खेचण्याच्या वेगाप्रमाणे ताण बदलणं), इम्पॅक्ट एवढं पक्कं असेल तर ॲनाटॉमी वर्षभरात लागेल तेवढी येते, उलटं मात्र जड जातं. फरक एवढाच की स्टीलचा यील्ड स्ट्रेस, म्हणजे किती ताणाला ते कायमचं वाकतं तो आकडा, डेटा बुकात छापलेला असतो, माणसाच्या नसेचा कुणीतरी आधी काढावा लागतो, आणि तो वयाप्रमाणे, माणसाप्रमाणे बदलतो. ज्याला एकच उत्तर लागतं त्याने या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पीएचडीनंतर ते तिकडे रस्तासुरक्षेच्या एका संस्थेत होते. लहान मुलं डोक्यावर पडतात त्या खऱ्या घटना घेऊन, कॉम्प्युटरवर ते पडणं पुन्हा उभं करून, मुलाचं डोकं किती मार सोसतं यावर १९७९ साली त्यांचा सहकाऱ्यांबरोबर पेपर आहे. आणि सत्तरच्या दशकाच्या शेवटी ते परत भारतात आले, आयआयटी दिल्लीला. तिथलं बायोमेडिकल इंजिनिअरिंगचं सेंटर एम्सबरोबर मिळून १९७१ पासून चालतं, म्हणजे डॉक्टर आणि इंजिनिअर एका छताखाली बसवण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही.

इथे त्यांनी जे केलं ते वडिलांना नीट समजावून सांग, कारण खरं उत्तर त्यात आहे. धमनीवरच पेपर लिहीत बसले असते तरी नाव झालंच असतं. पण भारतात जखमी होणारा माणूस कारमधे सीटबेल्ट लावून बसलेला नव्हता, तो स्कूटरवर होता, रिक्षात होता, पायी होता, नाहीतर शेतात मळणी यंत्रापाशी उभा होता. मग हेल्मेट, रिक्षा, चारा कापायची मशिनं असे विषय त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी घेतले. विचार एकच, माणसाचं शरीर किती सोसतं ते आधी काढा आणि मग मशिन, गाडी, रस्ता त्या आकड्याला बसवा. ‘लोकांनी जपून वागावं’ या उपदेशावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. माणूस चुकणारच, तो चुकला तरी मरू नये अशी वस्तू बनवायची हे इंजिनिअरचं काम. जागतिक आरोग्य संघटनेचा रस्ते अपघातांवरचा २००४ चा मोठा अहवाल आहे ना, त्याच्या संपादकांमधेही ते होते. दिल्लीच्या बीआरटीचं, म्हणजे बससाठी वेगळ्या राखलेल्या लेनचं समर्थन केलं म्हणून कारवाल्यांच्या शिव्याही भरपूर खाल्ल्या. मे २०२१ मधे कोविडने गेले.

आणि शिकवण्याचं म्हणशील तर आयआयटीतले वर्ग होतेच, पण रस्तासुरक्षेचा एक कोर्स त्यांचा गट भरवायचा, त्यात पोलीस, डॉक्टर, ट्रॅफिकचे इंजिनिअर सगळे एकत्र बसायचे. पेपरांच्या यादीपेक्षा मला याचं अप्रूप जास्त आहे.

तुझ्यासाठी पुढचं : एमटेकच्या प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेला २०२० पासून बायोमेडिकलचा वेगळा पेपर आहे, पण मेकॅनिकलचा पेपर देऊनही बऱ्याच ठिकाणी वाट मिळते, ॲडमिशनची जाहिरात नीट वाच.

प्रश्न : माझं हेल्मेट गाडीच्या पेट्रोलच्या टाकीवरून खाली पडलं. दुकानदार म्हणतो काच फुटली नाही म्हणजे चांगलं आहे, वापरा बिनधास्त. खरं का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आधी अभिनंदन, पुण्यात राहून हेल्मेट वापरता. काचेचा आणि डोक्याचा काही संबंध नाही हो. जीव वाचवतो तो आतला थर्माकोलसारखा फोम, आणि तो वाचवतो स्वतः चेपून. हिशोब बघा. साधारण पावणेदोन-दोन मीटरवरून डोकं खाली आलं तर जमिनीला लागताना वेग सेकंदाला ६ मीटरच्या आसपास असतो. हा वेग फोम चेपत चेपत २५ मिलिमीटरमधे संपला तर डोक्याला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ७३ पट झटका बसतो. तोच ५ मिलिमीटरमधे संपला तर ३६७ पट. फोम एकदा चेपला की पुन्हा फुगत नाही, मग पुढच्या वेळी ते २५ मिलिमीटर उरलेले नसतात.

रिकामं हेल्मेट टाकीवरून पडलं म्हणजे आत डोक्याचं वजन नव्हतं, त्यामुळे फोमला फार काही झालं नसणार. तरी आतलं कापड काढून फोमवर बोट फिरवा, खळगा किंवा चीर लागली तर टाका. डोक्यात असताना आपटलं असेल तर मात्र विचार न करता नवीन घ्या. आयएस ४१५१ या हेल्मेटच्या भारतीय मानकाचा शिक्का बघा, जून २०२१ पासून तो सक्तीचा आहे. आणि हनुवटीचा पट्टा लावा, तो लोंबकळत ठेवून फिरणाऱ्यांनी हेल्मेट घरीच ठेवलेलं बरं, निदान पेट्रोल तरी वाचेल.

प्रश्न : आमच्याकडे मोटरवर चालणारी कडबा कुट्टी आहे, जुनी. घरात पाच आणि आठ वर्षांची नातवंडं आहेत, धाक वाटतो. काय करता येईल? (एक शेतकरी, सांगोला)

उत्तर : काका, तुमचा धाक अगदी बरोबर आहे. वर ज्यांचं लिहिलं त्या दिनेश मोहन यांच्याच दिल्लीच्या गटाने उत्तर भारतातल्या गावांत फिरून बघितलं होतं, की कुट्टीत बोटं कोणाची जातात. तर कामवाल्या मोठ्या माणसांबरोबर त्यात मुलंही निघाली, आणि कित्येकदा काम बंद असताना मशिनचं चाक फिरवून खेळणारी. आता अशा वेळी कामगाराला ट्रेनिंग देऊन काय होणार? म्हणून त्यांनी मशिनवरच साधे बदल सुचवले. चारा ओढणाऱ्या रोलरच्या अलीकडे आणखी एक रोलर, जो हाताला लागला की कळतं आता पुढे धोका आहे. पात्यांवर आच्छादन. आणि चाकाला अडकवायची खिटी, म्हणजे काम नसताना चाक फिरतच नाही. सगळं गावातल्या वेल्डरकडे होण्यासारखं.

तुमचं मोटरवरचं आहे तर अजून दोन गोष्टी. बेल्टला जाळी बसवा आणि स्टार्टर मुलांच्या हाताला लागणार नाही इतका उंच घ्या, पण चारा घालणाऱ्याच्या हाताशी एक बंद करायचं बटण पाहिजेच, हात अडकल्यावर पळत भिंतीपर्यंत कोण जाणार. खिटी आजच करून घ्या, बाकीचं या आठवड्यात.

प्रश्न : मी खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकल शिकवते. लेक्चर, प्रॅक्टिकल, नॅकच्या (कॉलेजला दर्जा देणाऱ्या संस्थेच्या) फायली यातून वेळच उरत नाही, यूटीएम सोडलं तर लॅबमधे काही नाही. बायोमेकॅनिक्समधे काही करता येईल का? (एक प्राध्यापिका, लातूर)

उत्तर : मॅडम, यूटीएम आहे म्हणजे निम्मं काम झालं. गावच्या बाजारात मिळणारी हेल्मेटं, कुबड्या, वॉकर, कृत्रिम पायाचे सुटे भाग यातलं काहीही आणा आणि मोडा, बीईच्या चार मुलांचा प्रोजेक्ट आरामात होतो आणि मुलं इंटरनेटवरून उचललेला रिपोर्ट देत नाहीत कारण असा रिपोर्ट कुठे सहज सापडत नाही. मऊ ऊतीच करायच्या असतील तर मटणाच्या दुकानातून बकऱ्याची नस किंवा स्नायुबंध घ्या, ताजे आणा, मिठाच्या पाण्यात ओले ठेवा. मशिनच्या जबड्यात ते हमखास निसटतात, म्हणून पकडीत सॅंडपेपर लावा. यूटीएमचा लोड सेल, म्हणजे बल मोजणारा भाग, मोठा असेल तर एवढ्या कमी बलाचं रीडिंग भरवशाचं येणार नाही, तेव्हा छोटा लोड सेल तेवढा मागून घ्या, एचओडींकडे एवढं तरी मागता येतं.

आणि पेशंटची माहिती लागणार असेल तर सिव्हिल हॉस्पिटलच्या ऑर्थोपेडिक विभागात आधी जाऊन बोला, त्यांच्या एथिक्स कमिटीची लेखी परवानगी हातात पडेपर्यंत एकही फॉर्म भरून घेऊ नका.