ऐतिहासिक सार्वजनिक बाग पालिकेने बिल्डरला दिली, तर नागरिकांचा विरोध कोर्टात टिकतो का?

टिकतो. लखनौच्या अमीनाबादमधल्या झंडेवाला पार्कचा निकाल जरूर वाचा. ऐतिहासिक महत्त्वाच्या या बागेखाली भूमिगत बाजार बांधायचं काम पालिकेने निविदा न मागवताच एका बिल्डरला दिलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये ते बांधकाम पाडून बाग पूर्ववत करायला लावली! पालिका बागेची विश्वस्त आहे, तिने ती लोकांसाठी सांभाळायची असते, हे तत्त्व त्यामागे होतं. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो.

तुम्ही मोर्चे काढाच, पण आधी माहिती अधिकारात करार, पालिकेचा ठराव आणि विकास आराखड्यातल्या आरक्षणाची प्रत मिळवा. आणि खोदकाम सुरू होण्याआधीच स्थगिती मागा, कारण तोडलेलं जुनं झाड कुठलाही निकाल परत उभं करू शकत नाही.