माशांचा हौद हिरवा झाला म्हणून उपसू नका

दादा, एवढी घाई कशाला? एप्रिलात आपल्याकडं पाणी टँकरनं येतं, ते ओतून द्यायचं?

फिल्टरचा स्पंज नळाखाली खसाखसा धुता ना, गडबड तिथंच आहे. स्पंजवरच्या बुळबुळीत थरातले जिवाणू माशांच्या घाणीतल्या अमोनियाचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. नळाच्या क्लोरीननं ते मरतात. स्पंज हौदाच्याच पाण्यात दोनदा पिळा, बस्स. नवा फिल्टर रुळायला 4 ते 6 आठवडे लागतात. पंप रात्रीही चालू ठेवा.

पाणी हिरवं करणारं शेवाळ नायट्रेटवरच पोसतं, म्हणून नायट्रेट शोषायला कर्दळ लावा, खडीच्या कुंडीत, बूड पाण्यात. माझी तर कमरेला लागली! कमळाच्या पानांनी निम्मं पाणी झाकलं की शेवाळाला ऊन मिळत नाही. जलपर्णी मात्र नको, ओढ्यात गेली की आवरत नाही. अन् खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढंच टाका हो.