'अवरक्त'मध्ये रक्त कुठून आले?

सोलापुरातील एका शिक्षिकेने शाळेच्या भित्तिपत्रकावर 'अंतराळ दुर्बिणीने अवरक्त प्रकाशात केलेले संपूर्ण आकाशाचे मानचित्रण' असे शीर्षक लिहिले, तेव्हा 'यात रक्त कुणाचे?' असे मुलांनी विचारले. बाईंची स्वतःची शंका वेगळी आहे: या अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांची तरंगलांबी तांबड्यापेक्षा जास्त असते, मग 'अव', म्हणजे खालचे, कसे?

'रक्त' हे संस्कृतातील 'रञ्ज्', म्हणजे रंगणे, या धातूपासून झालेले विशेषण असून त्याचा मूळ अर्थ रंगलेले किंवा रंगवलेले असा आहे. त्यावरून तांबडे हा अर्थ आला आणि अंगातल्या तांबड्या द्रवालाही तेच नाव मिळाले. सोलापूरच्या मुलांना हे समजावणे सोपे आहे, कारण चादरीसाठी रंगात बुडवून वाळत घातलेली सुताची लड व्युत्पत्तीच्या दृष्टीने 'रक्त'च, मग ती हिरवीगार का असेना. अनुरक्त आणि विरक्त हे शब्दही याच कुळातले. पहिल्यात मन रंगलेले आहे, दुसऱ्यात रंग उतरला आहे.

'अव'बद्दलची शंका रास्त आहे. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल यांनी 1800 मध्ये लोलकातून सूर्यप्रकाश पाडून, तांबड्या पट्ट्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते तिथे, ठेवलेल्या तापमापकावर उष्णता नोंदवली. हे किरण तरंगलांबीने तांबड्याच्या वर आणि वारंवारतेने खाली असतात. 'इन्फ्रा', म्हणजे खाली, या लॅटिन शब्दाप्रमाणे 'अव'ही वारंवारतेच्या बाजूने पाहतो. (दुसऱ्या टोकाच्या किरणांना 'अतिनील' म्हणतात, जुना 'जंबुपार' हा शब्द मला अधिक नेमका वाटतो, कारण इंद्रधनुष्य निळ्यावर नव्हे, जांभळ्यावर संपते.)

'मानचित्रण' मात्र बदलावे. ते हिंदीच्या वळणाचे आहे आणि मराठीत 'नकाशा' असताना त्याची गरज नाही. प्रत्यक्ष टिपण्याच्या कामाला 'सर्वेक्षण' म्हणावे, त्यातून हाती येतो तो नकाशा. 1983 मध्ये 'आयरास' या उपग्रहाने चार तरंगलांबी-पट्ट्यांत सुमारे 96 टक्के आकाशाचे सर्वेक्षण केले. स्वतःच्याच उष्णतेने दुर्बीण दिपून जाऊ नये म्हणून ती द्रवरूप हेलियमने गार ठेवली होती आणि सुमारे दहा महिन्यांत ते हेलियम संपले तेव्हा कामही थांबले. मार्च 2025 मध्ये सोडलेल्या 'स्फिअरेक्स' या अंतराळ दुर्बिणीची आखणी सहा महिन्यांतून एकदा सगळे आकाश 102 पट्ट्यांत टिपण्यासाठी केलेली आहे.

तेव्हा शीर्षक असे करावे: 'अंतराळ दुर्बिणीने अवरक्त प्रकाशात काढलेला संपूर्ण आकाशाचा नकाशा'. चित्रातले निळे-तांबडे रंग आकाशात डोळ्यांना दिसणारे नसून, वेगवेगळे पट्टे ओळखू यावेत म्हणून मागाहून दिलेले असतात; ती टीप खाली बारीक अक्षरांत द्यावी, आणि मुलांनी पुन्हा विचारलेच, तर हा नकाशा मूळ अर्थाने 'रक्त'ही आहे, असे खुशाल सांगावे.