विहिरीतला स्पंज आणि आपल्या नसा

प्रश्न: मॅडम, यंदा मे महिन्यात आमची विहीर उपसली तेव्हा आतल्या दगडांवर हिरवट, खरखरीत थर दिसला. वासही उग्र. शेवाळ समजून मी खरवडायला निघाले, तर बी.एस्सी.ला असलेली लेक म्हणाली, "आई, थांब, हा स्पंज आहे. प्राणी आहे." याला ना डोकं, ना नसा. मग हा प्राणी कसला? आणि आपल्या अंगात नसा आल्या कुठनं?
— एक वाचक, वडणगे, ता. करवीर

उत्तर: ताई, लेकीचं बरोबर आहे. खरवडलं नाहीत हे फार छान केलंत. उघड्या हाताने चोळूही नका. त्या थरात काचेच्या जातीच्या बारीक सुया असतात, हाताला खाज सुटते. थराच्या बुडाशी खसखशीएवढे पिवळट-तपकिरी दाणे आहेत का बघा. पाणी आटलं की स्पंज मरतो, पण दाणे तग धरतात, आणि पुन्हा पाणी आलं की त्यांतून नवा स्पंज फुटतो. कॉलेजात मी हे दाणे भिंगाखाली दाखवायचे तेव्हा मागच्या बाकावरची पोरंही उठून पुढं यायची.

आता नसांचं, म्हणजे अंगभर निरोप नेणाऱ्या चेतापेशींचं. आपल्या जवळपास प्रत्येक पेशीत जनुकांचा तोच संच असतो. त्यातली कोणती जनुकं चालू आहेत, यावर ती पेशी कातडीची की मेंदूची हे ठरतं. आता एकेक पेशी सुटी करून तिच्यातली चालू जनुकं वाचता येतात. 2021 साली हायडेलबर्गच्या शास्त्रज्ञांनी स्पंजिला या गोड्या पाण्यातल्या स्पंजाच्या पेशी अशा वाचल्या आणि त्यांना 18 प्रकार सापडले. स्पंजाच्या आतल्या कप्प्यांत कॉलर पेशी असतात, शेपटीभोवती कॉलरसारखी झालर असलेल्या. त्या शेपटी हलवून पाणी ओढतात आणि कॉलरच्या गाळणीत जिवाणू अडकवतात. त्यांच्या शेजारी एक वेगळीच पेशी दिसली. ती लांब हात पसरून कॉलर पेशींना भिडते. आपल्या चेतापेशी निरोप धाडायला जी जनुकं वापरतात, त्यांतली बरीच हिच्यात चालू. आणि निरोप घेणाऱ्या बाजूची काही जनुकं कॉलर पेशींत चालू. नस एकही नाही, पण सामान हजर.

आमचं शिवाजी पेठेतलं घर आजोबांनी बांधलं ते एका मोडलेल्या वखारीचे वासे आणून. त्या वाशांना अजून खाचा आहेत. आमच्या घरात त्यांचा काही उपयोग नाही, पण लाकूड आधी कुठं बसलं होतं ते त्या सांगतात. जीनोम, म्हणजे जिवाचा अख्खा जनुकसंच, वाचणारी माणसं अशाच खाचा शोधतात.

माग आणखी मागं जातो. कोअॅनोफ्लॅजेलेट नावाचे एकपेशीय जीव दिसायला हुबेहूब कॉलर पेशीसारखे. हे साम्य एकोणिसाव्या शतकातच लक्षात आलं होतं. 2008 साली त्यांतल्या मोनोसिगाचा जीनोम प्रसिद्ध झाला. आपल्या पेशी एकमेकींना चिकटून राहतात त्या कॅडहेरिन नावाच्या प्रथिनांमुळं. या एकट्या राहणाऱ्या जिवात त्यांची 23 जनुकं निघाली! चिकटायला शेजारी नाही, तरी डिंक तयार. बहुधा भक्ष्य धरायला किंवा कुठं टेकायला तो उपयोगी पडत असावा.

मात्र स्पंजातली ती पेशीच आपल्या चेतापेशींची आजी, असं लेकीला सांगू नका. 2023 साली गुणसूत्रांवरची जनुकांची मांडणी ताडून पाहिली, तेव्हा प्राण्यांच्या वंशवृक्षातून सर्वांत आधी फुटलेली फांदी टेनोफोरांची निघाली. समुद्रातले हे काचेसारखे पारदर्शक जीव, आणि त्यांना चेतापेशी आहेत. म्हणजे एक तर नसा दोनदा घडल्या, नाहीतर स्पंजांनी होत्या त्या गमावल्या. यावर शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही. मला स्वतःला दोनदा घडल्या हे जास्त पटतं, कारण टेनोफोरांच्या चेतापेशींची घडण आपल्यापेक्षा बरीच निराळी आहे.

लेकीला चार-पाच दाणे काचेच्या बशीत ठेवायला सांगा. पाणी विहिरीचंच घ्या; नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. बशी सावलीत ठेवा. दाणे फुटून पांढुरकं जाळं पसरलं की शेजारी शाईचा अगदी बारीक थेंब सोडा आणि भिंगातून बघा. शाई आत ओढली जाईल आणि वरच्या नळीतून बाहेर पडेल. ते काम कॉलर पेशींचं.